विमानात अचानक विचित्र वास यायला लागला तर काय करायचं?

२७ जून २०२५. एअर इंडियाचं एक विमान मुंबईहून चेन्नईला निघालं आणि थोड्याच वेळात परत मुंबईला येऊन उतरलं. इंजिन बंद पडलं नव्हतं, पक्षी धडकला नव्हता, हवामानही आडवं आलं नव्हतं. केबिनमध्ये जळका वास येत होता, एवढंच कारण.

त्याआधी जुलै २०२२ मध्ये कालिकतहून दुबईला चाललेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान असंच मस्कतला वळवावं लागलं होतं. विमानातल्या पुढच्या किचनजवळच्या एका व्हेंटमधून जळका वास येत होता.

अशा बातम्या आल्या की दोन प्रकारच्या कमेंट्स हमखास दिसतात. एक म्हणजे, "साध्या वासासाठी एवढं मोठं विमान वळवायचं?" आणि दुसरी, "आता विमानात बसायचीच भीती वाटते." दोन्हीचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. विमानात येणारे बहुतेक वास निरुपद्रवी असतात. पण त्यातला कोणता वास निरुपद्रवी आहे, हे वासाचं कारण सापडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कारण न कळलेला वास विमानात कधीच साधा समजला जात नाही.

यात तुमचाही वाटा आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी आधी विमानातल्या हवेची गोष्ट बघू.

केबिनमधली हवा येते कुठून?

विमान ३५ हजार फुटांवर असतं तेव्हा बाहेरची हवा इतकी विरळ असते की आपण ती श्वासात घेऊन तग धरू शकत नाही. ही हवा दाबून, योग्य तापमानाला आणून आत सोडावी लागते. बहुतेक प्रवासी विमानांत हे काम इंजिनाकडूनच करून घेतात. इंजिनात हवा दाबली जाते, त्यातला थोडा भाग इंधन मिसळण्याच्या आधीच बाजूला काढतात आणि थंड करून केबिनमध्ये पाठवतात. याला 'ब्लीड एअर' म्हणतात. विमान जमिनीवर उभं असताना हीच हवा बऱ्याचदा शेपटाकडच्या छोट्या इंजिनातून येते. त्याला 'एपीयू' म्हणतात.

बोइंग ७८७ ड्रीमलायनर याला अपवाद आहे. त्यात केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने बाहेरून आत घेतली जाते.

केबिनमध्ये साधारण निम्मी हवा ताजी असते आणि निम्मी फिल्टरमधून गाळून परत फिरवलेली असते. दर दोन-तीन मिनिटांनी केबिनमधली सगळी हवा बदलली जाते. हे 'हेपा' फिल्टर धूळ, जिवाणू आणि विषाणू असलेले कण अतिशय चांगले अडवतात. पण वास म्हणजे बहुतेक वेळा वायू आणि वाफा. त्यांना अडवणं हे साध्या हेपा फिल्टरचं काम नाही. त्यामुळे इंजिनापासून किचनपर्यंत कुठेही काही घडलं की त्याचा वास तुमच्या सीटपर्यंत पोहोचू शकतो.

कोणता वास कशाचा असू शकतो?

खालची यादी अंदाजासाठी आहे. त्यावरून स्वतःच निकाल लावून गप्प बसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

– रॉकेल किंवा इंधनासारखा वास: धावपट्टीकडे जाताना पुढे दुसरं विमान उभं असेल तर त्याचा धूर आपल्या विमानात ओढला जातो. इंजिन सुरू होतानाही असा वास येतो आणि उड्डाणानंतर बहुधा जातो. हवेत गेल्यावरही टिकला तर सांगायलाच हवा.

– घामट मोज्यांसारखा, कुबट वास: शेजारच्याने बूट काढले असतील, हे पहिलं कारण! पण इंजिनातलं तेल गळून ब्लीड एअरमध्ये मिसळलं तरी असाच वास येतो, असं क्रूचे सदस्य वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

– प्लास्टिक किंवा रबर जळल्यासारखा, कधी कधी मासळीसारखा वास: वायर, प्लग, दिवा, स्क्रीन किंवा एखादं विजेचं उपकरण तापल्याची शक्यता. हा वास सगळ्यात गंभीरपणे घ्यायचा.

– गोडसर, रसायनासारखा उग्र वास: मोबाइल, लॅपटॉप किंवा पॉवर बँकेची लिथियम बॅटरी बिघडली असेल तर असा वास येऊ शकतो. थंड देशांत विमानावरचा बर्फ काढायला जो द्रव फवारतात, त्याचाही वास गोडसर असतो.

– करपलेल्या जेवणाचा वास: बऱ्याचदा किचनमधला ओव्हन. आधीच्या फेरीत सांडलेलं तेल किंवा आत राहिलेला कागद तापतो. खात्री मात्र क्रूलाच करू द्या.

– सिगारेटचा वास: टॉयलेटमध्ये कोणीतरी कायदा मोडतंय. याबद्दल पुढे सविस्तर येईल.

– पिसं किंवा मांस जळल्यासारखा वास: इंजिनात पक्षी गेला असेल तर असा वास थेट केबिनपर्यंत येतो.

– औषध फवारल्याचा वास: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत जाताना कीटकनाशक फवारण्याचा नियम आहे. त्याची घोषणा आधी केली जाते.

– गंधकासारखा वास: ज्वालामुखीची राख. हा अनुभव फार दुर्मीळ आहे, पण घडलेला आहे. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचं फ्लाइट ९ हे जंबो जेट क्वालालंपूरहून पर्थला चाललं होतं. लंडनहून निघालेलं हे विमान वाटेत मुंबईलाही थांबलं होतं. जावा बेटाजवळ केबिनमध्ये धूर आणि गंधकाचा वास पसरला. सुरुवातीला लोकांना तो सिगारेटचा धूर वाटला. प्रत्यक्षात विमान गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं होतं आणि पाठोपाठ चारही इंजिनं बंद पडली. विमान तरंगत खाली आलं, इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला सुखरूप उतरलं. सगळे वाचले.

– आणि हो, फळाचा वास: नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियात बेंगकुलूहून जकार्ताला जाणाऱ्या श्रीविजया एअरच्या विमानात सुमारे दोन टन ड्युरियन फळं भरली होती. फणसाच्या कितीतरी पट उग्र वास असलेलं हे फळ. प्रवाशांनी विमानात बसायलाच नकार दिला. शेवटी फळं उतरवली आणि मग विमान उडालं.

व्हायरल व्हिडिओतला 'धूर' ओळखा

पावसाळ्यात मुंबई, गोवा किंवा कोचीला विमानात बसलं की वरच्या फटींमधून पांढरा धूर निघताना दिसतो. दर वर्षी असे व्हिडिओ फिरतात. हा बहुतेक वेळा धूर नसतो, धुकं असतं. बाहेरची दमट हवा आणि एसीची थंडगार हवा एकत्र आली की बाष्पाचे थेंब तयार होतात. आपला फ्रीज उघडल्यावर दिसतं तसंच.

ओळखायची खूण सोपी आहे. या धुक्याला वास नसतो, ते हाताला गार लागतं, खाली येता येता विरून जातं आणि डोळे चुरचुरत नाहीत. धूर असेल तर वास येतो, घसा खवखवतो आणि तो विरण्याऐवजी साठत जातो.

तेल गळून खरोखर धूर झाल्याचं उदाहरण आपल्याजवळचंच आहे. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानात केबिन आणि कॉकपिटमध्ये धूर झाला. विमान हैदराबादला उतरलं. इंजिनातलं तेल एसीच्या हवेत शिरल्याच्या खुणा डीजीसीएला सुरुवातीच्या तपासात आढळल्या. त्यानंतर कंपनीच्या या प्रकारच्या विमानांच्या इंजिन ऑइलचे नमुने दर १५ दिवसांनी तपासायला पाठवण्याचा आदेश निघाला.

एका वासाने बदललेले नियम

आता 'साध्या वासासाठी एवढं कशाला' या प्रश्नाकडे वळू.

२ सप्टेंबर १९९८. स्विसएअरचं फ्लाइट १११ न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं होतं. कॉकपिटमध्ये वेगळाच वास आला. पायलटांनी केबिन क्रूला बोलावून विचारलं. कॉकपिटमध्ये वास येत होता, पण केबिनमध्ये नव्हता. वास एसीतून येत असावा, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात कॉकपिटच्या छताच्या वर, जिथे कोणाला दिसत नाही अशा जागी आग लागली होती. वायरमधून ठिणगी उडाली आणि तिथलं उष्णतारोधक आवरण पेटलं, असा निष्कर्ष पुढे निघाला. पहिला वास आल्यापासून साधारण २१ मिनिटांत विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सगळे २२९ जण गेले.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चार वर्षांहून जास्त काळ तपास केला. तपासातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पायलटांनी वास आल्या आल्या थेट विमानतळ गाठायचं ठरवलं असतं, तरी ते वेळेत सुरक्षित उतरू शकले नसते, असं अहवाल सांगतो. त्यामुळे खापर पायलटांवर फोडता येत नाही. खरा मुद्दा हा होता की आग लागली तिथे धूर ओळखणारं यंत्रच नव्हतं. माणसाचं नाक हाच एकमेव सेन्सर होता. याच मंडळाने १९६७ ते १९९८ मधल्या आगीच्या १५ घटना तपासल्या. आग लक्षात आल्यापासून विमान खाली येईपर्यंत, मग ते उतरलेलं असो वा कोसळलेलं, ५ ते ३५ मिनिटं मिळाल्याचं त्यात दिसलं.

म्हणूनच आज कारण न सापडलेला जळका वास आला की पायलट 'बघू थोडा वेळ' म्हणत नाहीत. जवळचा विमानतळ शोधतात. मुंबईला परत आलेलं किंवा मस्कतला वळलेलं विमान हे घाबरटपणाचं लक्षण नाही. महागात पडलेला धडा नीट शिकल्याचं ते लक्षण आहे.

दुसरी घटना २ जून १९८३ ची. एअर कॅनडाचं फ्लाइट ७९७ डॅलसहून टोरांटोला चाललं होतं. मागच्या रांगेतल्या एका प्रवाशाने विचित्र वास येत असल्याचं क्रूला सांगितलं. मागच्या टॉयलेटमध्ये धूर होता. पण आग किती आहे, विझतेय की वाढतेय, याबद्दल कॉकपिटमध्ये उलटसुलट माहिती पोहोचत राहिली आणि उतरण्याचा निर्णय लांबला. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली आणि दीड मिनिटाच्या आत आतला भाग भडकून पेटला. ४६ पैकी २३ जणांचा जीव गेला.

टॉयलेटमधला स्मोक डिटेक्टर, तिथल्या कचरापेटीतलं आपोआप सुरू होणारं अग्निशामक, सीटच्या गाद्यांवरचं आगरोधक आवरण आणि जमिनीलगत लागणाऱ्या दिव्यांची रांग, या गोष्टी सक्तीच्या होण्यामागे ही घटना आहे.

प्रवाशांच्या नाकाने वाचवलेलं विमान

आता चांगली गोष्ट. २३ सप्टेंबर २०१६ रोजी इंडिगोचं विमान सिंगापूरहून चेन्नईला येत होतं. काही प्रवाशांना धुराचा वास आला आणि त्यांनी लगेच क्रूला सांगितलं. क्रूने शोध घेतला तेव्हा २३-सी सीटच्या वरच्या सामानाच्या कप्प्यातून ठिणग्या आणि धूर येत होता. आत ठेवलेल्या बॅगेतला सॅमसंग नोट २ फोन पेटत होता. क्रूने आजूबाजूच्या प्रवाशांना हलवलं, अग्निशामक मारलं, मग तो फोन टॉयलेटमध्ये नेऊन पाण्याने भरलेल्या भांड्यात टाकला. विमान चेन्नईला नेहमीसारखं उतरलं.

इथे कुठलाही अलार्म वाजला नव्हता. टॉयलेटमध्ये आणि खालच्या सामानाच्या भागात डिटेक्टर असतात. तुमच्या डोक्यावरच्या कप्प्यात सहसा नसतात. तिथे तुमचं नाक हाच डिटेक्टर.

आता विचार करा. त्या प्रवाशांनी 'बाकी कोणी बोलत नाहीये, म्हणजे काही नसेल' असं ठरवलं असतं तर? पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला तर हमखास असंच वाटतं. उगाच बटण दाबलं आणि काहीच नसलं तर लोक हसतील. विमानात असाच वास येत असेल. आपल्याला काय कळतं? आणि गंमत म्हणजे शेजारचे पाचही जण मनातल्या मनात हेच म्हणत असतात.

नाकाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट

एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाकाला त्याची सवय होते. अगरबत्ती लावलेल्या खोलीत थोडा वेळ बसलं की वास जाणवेनासा होतो, तसं. त्यामुळे 'मघाशी वास येत होता, आता गेला' याचा अर्थ वास खरंच गेला असा होत नाही. कदाचित तुमचं नाकच थकलेलं असेल.

म्हणून वास पहिल्यांदा जाणवतो ते क्षण सगळ्यात मोलाचे. आणि म्हणूनच क्रूमधली व्यक्ती दुसऱ्या भागातून येते तेव्हा तिला तुमच्यापेक्षा वास चांगला कळू शकतो. तिच्या नाकाला अजून सवय झालेली नसते.

तर मग नेमकं काय करायचं?

१. कॉल बटण दाबा. वास जळका असेल किंवा धूर दिसत असेल तर बटण दाबून वाट बघत बसू नका, जवळच्या क्रूला हाक मारा. सीट बेल्टचा दिवा सुरू असेल तर उठून धावू नका, बसल्या जागेवरून मोठ्याने सांगा.

२. पाच गोष्टी सांगा: कुठे, कधीपासून, कसा, वाढतोय की कमी होतोय, आणि सोबत धूर, उष्णता किंवा आवाज आहे का. उदाहरणार्थ, "मॅडम, १८-सी जवळ दोन मिनिटांपासून प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय. वरच्या कप्प्याकडून जास्त येतोय, वाढतोय." एवढं पुरे. हिंदी-इंग्रजी अडत असेल तर 'बर्निंग स्मेल' हे दोन शब्द आणि बोटाने दाखवलेली दिशा पुरेशी आहे.

३. स्वतःचं सामान तपासा. फोन, पॉवर बँक, ब्लूटूथ इअरबड्स, लॅपटॉप. काही गरम लागलं किंवा फुगलेलं दिसलं तर चार्जिंग काढा आणि लगेच क्रूला दाखवा.

४. फोन सीटच्या फटीत पडला असेल तर सीट मागे-पुढे करू नका. सीटच्या यंत्रणेत फोन चेपला गेला की बॅटरी पेटू शकते. क्रूला सांगा, ते काढून देतील.

५. कप्प्यातून किंवा टॉयलेटच्या दारामागून धूर येत असेल तर स्वतः उघडू नका. आत हवा मिळाली की आग भडकते. क्रूला कसं आणि किती उघडायचं याचं प्रशिक्षण असतं.

६. धूर झाला तर खाली वाका. रुमाल किंवा ओढणी पाण्याने ओली करून नाकातोंडावर धरा. दमा असेल तर इनहेलर हाताशी ठेवा. म्हणजे तो वरच्या कप्प्यात न ठेवता समोरच्या खिशात ठेवायची सवय आधीपासूनच लावा.

७. क्रूने जागा बदलायला सांगितली तर लगेच बदला. बाहेर पडायला सांगितलं तर बॅग तशीच सोडा. विमान ९० सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे कंपनीला चाचणीत दाखवावं लागतं, पण त्या हिशेबात कोणी वरच्या कप्प्यातून ट्रॉली बॅग ओढत बसलेलं नसतं.

आणि व्हिडिओ? आधी बटण, मग फोन. क्रूला सांगून झालं, त्यांची वाट मोकळी आहे, तुम्ही सुरक्षित आहात, मग बाकीचं. 'विमानात आग' असं ओरडणंही टाळा. अरुंद जागेत घाबरलेली गर्दी स्वतःच एक संकट असते.

क्रू आणि पायलट काय करत असतात?

तुम्ही सांगितल्यावर क्रूमधली व्यक्ती शांतपणे 'बघते हं' म्हणून गेली, तर दुर्लक्ष झालं असं समजू नका. ती पायलटला कळवते. टॉयलेट, कचरापेटी, ओव्हन, वरचे कप्पे तपासले जातात. भिंतीचं पॅनल तापलंय का, हे हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघितलं जातं. लागलं तर किचनची आणि स्क्रीनची वीज बंद होते. म्हणून अचानक सिनेमा थांबला किंवा चहा मिळेना झाला तर वैतागू नका, कारण शोधण्याचाच तो भाग आहे.

कॉकपिटमध्ये पायलट ऑक्सिजनचे मास्क घालतात, धूर आणि वासासाठीची ठरलेली चेकलिस्ट काढतात, एसीची यंत्रणा आलटून पालटून बंद करून वास कुठून येतो ते बघतात. कारण सापडलं नाही किंवा वास वाढला तर विमान वळवतात. रेडिओवर 'पॅन पॅन' म्हणजे तातडीची परिस्थिती आणि 'मेडे' म्हणजे थेट जिवाला धोका.

बॅटरीच्या आगीत मात्र अग्निशामक एकटं पुरत नाही. ज्वाळा विझल्या तरी बॅटरी आतून तापत राहते आणि पुन्हा पेटते. म्हणून ती पाण्याने थंड करत राहावी लागते.

मग ऑक्सिजनचे मास्क का पडत नाहीत?

हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर विचारला जातो. प्रवाशांचे पिवळे मास्क केबिनमधला हवेचा दाब कमी झाला तरच्यासाठी असतात. त्या मास्कमध्ये ऑक्सिजनसोबत आजूबाजूची हवाही मिसळते, म्हणजे धूर नाकात जाणारच. शिवाय आग असेल तर जास्तीचा ऑक्सिजन तिला खतपाणी घालतो. पायलटांचे मास्क वेगळे असतात, ते धूर आत येऊ देत नाहीत.

टॉयलेटमध्ये ॲशट्रे कशाला?

विमानात सिगारेट ओढायला बंदी आहे, तरी टॉयलेटच्या दाराशी ॲशट्रे दिसतो. तो नियमानेच ठेवावा लागतो. कारण कोणीतरी नियम मोडणारच, आणि त्याने थोटूक कचरापेटीतल्या कागदांत टाकण्यापेक्षा ॲशट्रेत विझवलेलं बरं. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसला येणाऱ्या व्हारिग एअरलाइन्सच्या विमानात मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली आणि १२३ जणांचा मृत्यू झाला. कचऱ्यात टाकलेली सिगारेट हे त्याचं संभाव्य कारण मानलं गेलं. त्यामुळे सिगारेटचा वास आला तर 'जाऊ दे, कशाला कोणाच्या भानगडीत' असं करू नका.

उतरल्यानंतर

वास येऊन गेल्यावर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, डोळे चुरचुरणं किंवा घसा खवखवणं असं काही झालं तर उतरण्याआधीच क्रूला सांगा, म्हणजे नोंद होते. त्रास टिकला तर डॉक्टरकडे जा आणि विमानात वास किंवा धूर झाला होता हे आवर्जून सांगा. फ्लाइट नंबर, तारीख, सीट आणि वेळ लिहून ठेवा. तक्रार करायची असेल तर आधी विमान कंपनीकडे करा, तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारचं 'एअरसेवा' पोर्टल आहे.

इंजिन ऑइलच्या वाफांचा शरीरावर दीर्घकाळ काय परिणाम होतो, यावर जगभर वाद आहे. काही क्रू सदस्य त्याला 'एअरोटॉक्सिक सिंड्रोम' म्हणतात, पण ते अधिकृत वैद्यकीय निदान म्हणून मान्य झालेलं नाही. अशा घटना नीट नोंदवल्या जाव्यात म्हणून आयसीएओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदी झाल्या तरच उत्तर सापडेल, म्हणून तुमची नोंदही महत्त्वाची.

घरून निघतानाच करायची तयारी

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, केबिन बॅगेतच ठेवायच्या. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, १०० ते १६० पर्यंतची असेल तर कंपनीची परवानगी लागते. फुगलेली, पडून चेपलेली, नाव-गाव नसलेली स्वस्तातली पॉवर बँक घरीच ठेवा.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियाच्या बुसानजवळ एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग वरच्या सामानाच्या कप्प्यात सुरू झाली होती आणि संशय पॉवर बँकेवर होता. विमान जळून गेलं, पण सगळे १७६ जण बाहेर पडले. त्यानंतर १ मार्चपासून तिथे पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी आली. नियम कुठलाही असो, पॉवर बँक जवळ, नजरेसमोर ठेवणं शहाणपणाचं. तापली तर लगेच हाताला कळते.

थोडक्यात काय, विमानात वास आला म्हणजे संकट आलं असं नाही. दहा वेळा बटण दाबलं तर बहुतेक वेळा ओव्हनमधली करपलेली रोटीच निघेल. क्रूला त्यात काही वावगं वाटत नाही, तपासणं हे त्यांचं कामच आहे. फार तर शेजारचा हसेल. हसू दे. तोही त्याच विमानात बसलेला आहे.